घरचा मीडिया सर्वर बाहेरून बघायचाय? आधी हे वाचा

मीडिया सर्वर (घरचे सिनेमे, गाणी टीव्ही-मोबाईलवर दाखवणारा कॉम्प्युटर) बसवून दिला की थोड्याच दिवसांत हमखास फोन येतो, घरात सगळं मस्त चालतंय पण बाहेर पडल्यावर मोबाईलवर दिसत नाही. तोवर कोणीतरी सांगितलेलंच असतं की राउटरमध्ये जा, पोर्ट फॉरवर्ड कर (म्हणजे बाहेरून थेट सर्वरपर्यंत यायचं दार उघड), झालं. काम होतं, नाही असं नाही, पण प्लीज तसं करू नका.

जेलीफिन आणि प्लेक्स ही मीडिया सर्वरची सॉफ्टवेअर्स. जेलीफिनचं नेहमीचं पोर्ट ८०९६, प्लेक्सचं ३२४००, हे बॉट्सनाही (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅम्सना) पाठ आहे आणि ते दिवसरात्र एकेक आयपी तपासत फिरत असतात. त्यामुळे "माझ्या सर्वरमध्ये कोणाला काय इंटरेस्ट" हा हिशोब इथे लागू पडत नाही, शोध तुमचा नसतोच, उघड्या पोर्टचा असतो. त्यात ८०९६ वर साधं, एन्क्रिप्शन नसलेलं एचटीटीपी, म्हणजे वाटेत कोणी ऐकत बसलं तर तुमचा पासवर्ड त्याला जसाच्या तसा मिळणार. आणि अपडेटचं म्हणाल तर लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीचं २०२२ चं प्रकरण बघा, हल्लेखोर त्यांच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर शिरले ते जुन्या प्लेक्समधून, आणि ती त्रुटी प्लेक्सने २०२० मध्येच दुरुस्त केली होती!

आम्ही बहुतेकांना वायरगार्ड लावून देतो, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित खाजगी वाट करून देणारं व्हीपीएन. बाहेर फक्त एक यूडीपी पोर्ट राहतं आणि बरोबर की (डिजिटल किल्ली) नसेल तर तिथून उत्तरच येत नाही, स्कॅनरला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. मोबाईलवर अ‍ॅप टाकायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, बटन ऑन. 'अलाउड आयपीज'मध्ये फक्त घरचं नेटवर्क टाकलं की बाकीचं नेट नेहमीसारखंच चालतं. एक गोष्ट मात्र आधीच करून घ्या, घरच्या नेटवर्कची आयपी रेंज १९२.१६८.१ वाली असेल तर बदला, कारण बाहेरच्या वायफायची पण बऱ्याचदा तीच निघते आणि मग व्हीपीएन कनेक्टेड दिसतं पण सर्वर काही सापडत नाही, लोक तासन्‌तास डोकं फोडत बसतात.

राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा आयपी अनेकांना वाटून देते, त्यामुळे बाहेरून आत यायची वाटच नाही. तिथे टेलस्केल हे व्हीपीएन वापरा, ते आतून बाहेर कनेक्शन करतं.

खरी अडचण येते ती नातेवाईकांच्या टीव्हीची, कारण बऱ्याच टीव्हींवर व्हीपीएन अ‍ॅप टाकताच येत नाही. मग स्वतःचं डोमेन आणि पुढे कॅडी हे वेब सर्वर सॉफ्टवेअर, एचटीटीपीएस सर्टिफिकेट ते स्वतःच आणतं आणि रिन्यू करतं. पण लॉगिन स्क्रीन जगासमोर आली हे विसरू नका, म्हणून प्रत्येकाला वेगळा लांब पासवर्ड, अ‍ॅडमिन अकाउंटचा रिमोट अ‍ॅक्सेस बंद, मीडिया फोल्डर रीड-ओन्ली, आणि सिक्युरिटी अपडेट आलं की लगेच टाकायचं, "रविवारी बघू" नाही. राउटरमधलं यूपीएनपी दोन्ही प्रकारांत (व्हीपीएन असो वा डोमेन) बंद करा, नाहीतर एखादं अ‍ॅप न विचारता पोर्ट उघडून बसतं.

आणि घरात एकच वायरगार्ड की सगळ्यांच्या फोनमध्ये टाकू नका, प्रत्येक डिव्हाइसला वेगळी घ्या. फोन हरवला तर आम्हाला कळवा, किंवा सर्वरवर त्या फोनचा पीअर (त्याची नोंद) स्वतः डिलीट करा, बाकीच्यांचं चालू राहतं.