महिला हक्कांच्या ग्रुपच्या लीडर सगळ्या श्रीमंत आणि लग्न मोडलेल्याच असतात का?

वर्षानुवर्षं फिरतोय हा मेसेज, की महिला हक्कांच्या ग्रुप चालवणाऱ्या सगळ्या श्रीमंत घरच्या, लग्न मोडलेल्या आणि पुरुषांवर राग असलेल्या असतात. तसं वाटणं साहजिक आहे, कारण टीव्हीवर बहुतेक वेळा सफाईदार बोलणारीच पुढे येते, मग तोच चेहरा डोक्यात बसतो आणि मागे राबणाऱ्या दिसतच नाहीत.

आता जुनं बघा, 1901 मध्ये इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी 29 हजारांवर सह्या जमवून संसदेत नेल्या, त्याही गिरणीच्या गेटवर उभं राहून, आणि त्यात पुढे असलेल्यांपैकी काहीजणी स्वतः लहानपणापासून गिरणीत राबलेल्या. अमेरिकेत 1848 ला सेनेका फॉल्स गावात महिला हक्कांसाठी सभा झाली, तिथल्या जाहीरनाम्यावर 100 सह्या झाल्या, त्यातल्या 32 पुरुषांच्या. श्रीमंत बायकाही होत्याच की, नाही कोण म्हणतंय, पण सगळ्याच तशा, हे काही खरं नाही.

चेक करायचं तर ज्या ग्रुपबद्दल मेसेज आलाय त्यांच्या साइटवर पदाधिकाऱ्यांची माहिती, वार्षिक अहवाल बघा, कोण वकील, कोण नर्स, कोण युनियनमधून आलेली ते बऱ्याचदा तिथेच असतं. आणि कोणाचं लग्न टिकलं न टिकलं हे पाठवणाऱ्याला कुठून कळलं, तेही विचारा.