गादी कडक टाकू की मऊ? जुन्या ट्रकच्या सीटमागचं विज्ञान

“अण्णा, फोम कडक टाकू की मऊ?”

कुशनवाल्या चाचांनी विचारलं आणि माझे चुलते क्षणभर गप्प झाले. निफाडचा कांदा कसारा घाट उतरून वाशीच्या मार्केटला पोचवण्यात त्यांची निम्मी हयात गेली, तीही एकाच टाटा ४०७ च्या एकाच सीटवर. त्या सीटबद्दल असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. “कडकच टाका, लवकर बसायला नको,” ते म्हणाले. बहुतेक गाडीमालक हेच सांगतात. ड्रायव्हरच्या कमरेच्या दृष्टीने मात्र हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

चाचांनी आधी जुनी गादी उघडली. टाके उसवल्याबरोबर आतून पिवळट भुकटी सांडली. कधीकाळी तो फोम होता. आता चिमटीत धरला की बेसनासारखा चुरा होत होता. कोपऱ्यात, जिथे कुणाचा भार येत नाही, तिथे फोमची उंची १० सेंटीमीटर होती. बैठकीच्या मधोमध ती जेमतेम ५ भरली. चाचांनी त्या खळग्यात गुडघा टेकवून वजन टाकलं. “बघा, पत्र्याला लागतंय.” त्यांची परीक्षा एवढीच, आणि ती अचूक आहे. गुडघ्याला पत्रा लागत असेल, तर खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा मणक्यालाही पत्राच लागत असतो.

रस्ता आणि मणका यांच्यामध्ये ट्रकमध्ये तीन-चार स्प्रिंगा असतात. पहिली टायरमधली हवा, मग कमान-पाटे (चाकांवरच्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या), मग केबिनखालची रबरं आणि शेवटची ड्रायव्हरची गादी. म्हणून सीटचं काम मी रंगरंगोटीत धरत नाही. ती सस्पेन्शनची, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेची, दुरुस्ती आहे.

स्प्रिंगवर वजन ठेवलं की ती किती दबते, त्यावरून ती सेकंदाला किती वेळा वरखाली हलेल हे काढता येतं. ६ सेंटीमीटर दबणारी साधी स्प्रिंग सेकंदाला साधारण २ वेळा हलते, दीड सेंटीमीटर दबणारी ४ वेळा. फोम तंतोतंत साध्या स्प्रिंगसारखा वागत नाही, हलताना तो थोडा जास्तच कडक होतो. पण नियमाची दिशा हीच. जितकी दबायला जागा कमी, तितकी हालचाल वेगवान.

आता माणसाच्या शरीराकडे या. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त साथ देतं. झोक्याला त्याच्याच लयीत हात दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसं. पोटातले अवयव, खांदे, मणक्यांमधल्या चकत्या, सगळं या पट्ट्यात जास्त हलतं. आणि स्प्रिंगचा आणखी एक गुण असा, की ती फक्त स्वतःच्या लयीच्या साधारण १.४ पटीहून वेगवान धक्के अडवते. त्याहून संथ धक्के ती जसेच्या तसे, किंवा वाढवून, वर पाठवते. बसून दगड झालेली गादी नेमकी इथे घात करते. तिची लय वर सरकून ज्या पट्ट्यात मणका नाजूक, त्याच पट्ट्यात येते. ड्रायव्हर लोक म्हणतात, “गाडी अंगावर येते.” त्यामागचं गणित हे आहे.

युरोपीय संघाने २००२ मध्ये या कंपनांसाठी नियमच केला. ८ तासांच्या कामाच्या हिशेबाने कंपनांच्या त्वरणाची, म्हणजे धक्क्याच्या जोराची, सरासरी दर सेकंदवर्गाला ०.५ मीटरवर गेली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर कामगाराला कंपनं सोसायला लावायचीच नाहीत. आपल्याकडे घाटात कंबर धरून उतरणारा ड्रायव्हर ती दुखणी वयाच्या नावावर टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मऊ टाकावा का? तोही नाही. मऊ फोम सपाट रस्त्यावर सुखाचा वाटतो, पण मोठ्या खड्ड्यात तळाला टेकतो आणि शेवटचा धक्का थेट बसतो. खरी गरज दबायला पुरेशा जागेची असते, आणि ती केबिनमध्ये मोजकीच मिळते. गादी नुसती उंच केली की डोकं छताला लागतं, मांड्या लोंबतात, क्लच दाबायला पाय ताणावा लागतो. म्हणून जाणता कारागीर थर लावतो: खाली घट्ट रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेला), वर चांगल्या डेन्सिटीचा लवचीक फोम. जुन्या सीटांमध्ये खालच्या थराला रबर मारलेला नारळाचा काथ्या असे. तो सडका नसेल तर फेकू नका. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारं द्रव्य, भरपूर असतं, साधारण ४० टक्क्यांच्या वर, त्यामुळे तो ओलाव्याला दाद देत नाही आणि हवाही खेळती ठेवतो.

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात सगळा गोंधळ इथेच होतो. ‘चाळीसची डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. फोम ज्या प्लास्टिकचा बनतो त्या भरीव पॉलियुरेथेनचं वजन घनमीटरला सुमारे १२०० किलो असतं, म्हणजे त्या फोममध्ये जेमतेम ३ टक्के माल, बाकी हवा. डेन्सिटी फोम किती टिकेल ते सांगते. कडकपणा तो दाबायला किती जोर लागेल ते सांगतो. चांगल्या डेन्सिटीचा मऊ फोम मिळतो आणि हलक्या डेन्सिटीचा कडकही. दुसरा घेतलात तर चार-सहा महिन्यांत पुन्हा दुकानाची पायरी.

पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्याचा फोम करताना दोन द्रव एकत्र येतात, त्यात थोडं पाणी असतं. पाण्याची एका द्रवाशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ढोकळ्याच्या पिठासारखं मिश्रण फुगतं. भिंती फुटून बुडबुडे एकमेकांना जोडले जातात. तुम्ही बसता तेव्हा या बारीक वाटांमधून हवा सूं करत बाहेर पडते, आणि तेच घर्षण हिंदकळणं थांबवतं.

तो चुरा का होतो? रोज हजारो वेळा दबून बुडबुड्यांच्या भिंती मोडतात, हे एक. दुसरं म्हणजे घाम आणि पावसाळी ओल. पाण्याचे रेणू आणि उष्णता मिळून लांब साखळ्या हळूहळू तोडतात. तिसरा ऑक्सिजन, जोडीला ऊन. फोम पिवळा पडतो तो त्यामुळे. रासायनिक क्रियांचा ढोबळ ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या ४०७ मध्ये इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसलेलं असतं. त्या बाजूचा फोम आधी मेलेला दिसला, तो म्हणूनच.

वरचं रेक्झिन वेगळ्या कारणाने फाटतं. ‘रेक्झिन’ हे मुळात ब्रिटनमधल्या एका कंपनीचं व्यापारी नाव, कापडावर नायट्रोसेल्युलोज या रसायनाचा लेप दिलेल्या मालाचं. आज त्या नावाने मिळतं ते पीव्हीसी. पीव्हीसी जात्या कडक. त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळून त्याला नरम केलेलं असतं. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ही द्रव्यं हळूहळू उडून जातात. समोरच्या काचेवर आतून जी तेलकट धुरकट झाक चढते, तिच्यात तीही असतात. द्रव्य गेलं की रेक्झिन आखडतं आणि टाक्यांच्या ओळीवर तडकतं. म्हणून सीट डिझेलने किंवा थिनरने पुसू नका. डाग निघतो, पण त्याबरोबर नरमपणाही निघतो. साबणाचं पाणी आणि ओलं फडकं पुरे. शिवताना टाका फार बारीक नको. भोकं जवळजवळ आली की तिकिटाच्या पुस्तकासारखी फाडायची रेघच तयार होते. बैठकीच्या मधे जाड कापडाची पट्टी घालून घ्या. घामाला वाट मिळते आणि फोमलाही श्वास.

फ्रेमला वेल्डिंग करायचं असेल तर सीट गाडीतून काढा आणि फोम पूर्ण बाजूला न्या. जळणाऱ्या पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. ही भीती घालत नाही. बंद केबिनमध्ये हा धूर जीव घेऊ शकतो.

सीट दुकानात असताना अण्णांची गाडी गॅरेजला लावली, कारण खालून येणारा धक्का कमी केला नाही तर नवी गादीही लवकरच संपणार. कमानीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान कमान राहते. चिकटले की तो एक जाड लोखंडी ठोकळा होतो. ते सोडवून, घासून घेतले. मग ग्रीसिंग. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबणाचा स्पंज. दाब आला की तेल सोडतो, दाब गेला की पुन्हा शोषतो. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस देताना मिस्त्रीने पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलला. चाक जमिनीवर असताना भाराखालच्या फटीत ग्रीस शिरत नाही, मोकळ्या बाजूनेच पळून जातं. ग्रीस गनच्या सातव्या-आठव्या दाबाला काळं, वाळू मिसळलेलं ग्रीस किड्यासारखं बाहेर आलं, मागोमाग स्वच्छ पिवळं. तेव्हा थांबायचं. दोन जातींची ग्रीस मिसळू नये, साबण जुळला नाही तर मिश्रण पातळ होतं.

गाडी गॅरेजला होतीच, म्हणून बाकीची कामंही काढली. एअर फिल्टर पाच मिनिटांचं काम आहे, पण हिशेब ऐका. २९५६ सीसीचं हे इंजिन २४०० च्या फेऱ्यांवर मिनिटाला ३००० लिटरच्या आसपास हवा ओढतं. ती रस्त्यावरचीच, धुळीची हवा.

ब्रेक ऑईलवर मात्र मी अडून बसलो. ते ऑईल नव्हेच. हवेतला ओलावा शोषणारा द्रव आहे. डॉट ३ या प्रतीचं नवं कोरं ब्रेक ऑईल २०५ अंशांना उकळतं, त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की १४० अंशांना. भरलेली गाडी कसारा उतरते तेव्हा ब्रेकचे ड्रम तापतात, पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते. पेडल खाली जातं, ब्रेक लागत नाही. अण्णांच्या टाकीतलं ऑईल चहासारखं लाल-काळं झालं होतं. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायला हवं, आणि कमी पडलं म्हणून त्यात इंजिन ऑईल तर कधीच टाकू नये. रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

चौथ्या दिवशी सीट बसवली. चाचांनी शेवटी खाली ४ सेंटीमीटर रिबॉन्डेड आणि वर ७ सेंटीमीटर चाळीसचा मध्यम फोम टाकला होता. अण्णा बसले, क्लच दाबून पाहिला, आरशात पाहिलं, सीट एक खाच पुढे घेतली. मी केबिनच्या पत्र्यापासून बैठकीपर्यंतची उंची मोजून दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने रेघ मारून नोंदवून ठेवली.

महिन्याने पुन्हा मोजून दुसरी रेघ मारली तेव्हा ती १ सेंटीमीटरने कमी भरली. अण्णा काळजीत पडले, पण नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा बसतोच. काही नाजूक भिंती तेव्हाच मोडून घेतात आणि मग तो बराच काळ स्थिर राहतो. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा मोजली. पेन्सिलच्या दुसऱ्या रेघेवर तिसरी रेघ आली.