गुडघ्याची झीज आणि दुखणं : नी कॅप घेण्याआधी हे वाचा

आमच्या सांगलीच्या दुकानात नी कॅप, काठी, वॉकर किंवा कमोडची खुर्ची घ्यायला येणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. बरेच जण हातात एक्सरे घेऊनच येतात. "वंगण संपलंय, दोन हाडांमधला गॅप राहिला नाही म्हणाले. कुठला पट्टा देता?" पट्ट्याचं पुढे सांगितलंच आहे. पण गुडघ्यात नेमकं काय झालंय ते आधी समजून घेतलंत, तर नको त्या वस्तूंवरचा आणि औषधांवरचा खर्च टळेल.

झिजतं काय आणि दुखतं काय

मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचं वरचं टोक आणि वाटीची आतली बाजू या तिन्हींवर पांढऱ्या गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असतो, वाटीमागे थोडा जास्त. त्यात दोन तृतीयांशाहून अधिक पाणीच असतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की स्पंज दाबावा तसा तिच्यातला द्रव बाहेर जातो, पाऊल उचललं की परत आत येतो. म्हणून झीज आहे म्हणून महिनोन्‌महिने पडून राहणं हा उपाय नाही. त्यानं कूर्चेचं पोषण घटतं आणि मांडीचे स्नायूही वाळतात.

कूर्चेत वेदनेच्या नसाही नसतात. म्हणजे दुखतं ते कूर्चेला नाही. दुखतं ते तिच्याखालच्या हाडाला, सांध्याच्या सुजलेल्या आतल्या अस्तराला, ताणलेल्या आवरणाला आणि थकलेल्या स्नायूंना. एक्सरेत गॅप जवळजवळ गेलेला असूनही माणूस बाजारहाट करून येतो आणि किरकोळ झीज असलेला जिना चढताना कळवळतो, तो यामुळेच. गेलेली कूर्चा पूर्ववत भरून आणणारी गोळी, तेल, पावडर किंवा पट्टा आज बाजारात नाही. दुखणं मात्र कूर्चा न भरताही कमी होतं. वर सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवर उपाय करता येतात.

"वंगण संपलं" हेही खरं नाही. सुजलेल्या गुडघ्यात द्रव उलट वाढलेला असतो, फक्त पातळ झालेला असतो.

एक्सरे काढायचा असेल तर उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्सरेत अंगाचं वजन गुडघ्यावर नसतं, त्यामुळे गॅप आहे त्याहून मोठा दिसू शकतो. एमआरआयमध्ये "गादी फाटली" असं आलं तरी घाबरू नका. ही गादी म्हणजे कूर्चेचा थर नव्हे, दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या. पन्नाशीनंतर काही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही त्या फाटलेल्या दिसतात. झिजलेला गुडघा दुर्बिणीनं धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया नुसता छेद देऊन केलेल्या खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरत नाही, हे २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला झालेल्या चाचणीत दिसलं. गुडघा मधेच अडकून सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आधी मांडीचे स्नायू

गुडघ्याचा खरा पट्टा म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. तो कमजोर असला की प्रत्येक पावलाचा हिसका सांध्यात जातो.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, पाय लांब करा आणि गुडघ्यानं टॉवेल खाली दाबून ५ सेकंद धरा. असं १० वेळा. मग उताणे झोपा, एक पाय गुडघ्यात दुमडा आणि दुसरा सरळ ठेवून फूटभर उचला. ५ सेकंद धरून सावकाश खाली ठेवा. हेही प्रत्येक पायानं १० वेळा. श्वास रोखू नका, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी.

तिसरा व्यायाम सगळ्यात उपयोगी, पण तो बहुतेकांकडून चुकतो. साधारण १८ इंच उंचीची, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तिच्यावरून उठा-बसा. दोन पावलांमध्ये खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर हवं आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं जायला हवेत. ते आत वळले तर व्यायामानंच दुखणं वाढतं. खाली बसताना मनात तीन आकडे मोजा, धपकन बसू नका. सुरुवातीला हातांचा आधार घ्या. खुर्ची बुटकी वाटत असेल तर वर घट्ट उशी ठेवा. ८ ते १० वेळा, सकाळ-संध्याकाळ.

व्यायाम करताना थोडं दुखणार. शून्य म्हणजे अजिबात न दुखणं आणि दहा म्हणजे असह्य धरलं तर चारपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीइतकं खाली यायला हवं. आलं नाही किंवा सूज चढली तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारेच जास्त.

चालायचं तर सपाटीवर चाला, आणि सांगलीत सपाटीला तोटा नाही. सुरुवात दहा-दहा मिनिटं दोन वेळा. घाटाच्या पायऱ्या व्यायाम म्हणून सध्या नकोत.

वजन

वजन एक किलोनं उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातलं हे मोजमाप आहे. ७५ किलोच्या माणसानं पाच-सात किलो उतरवले तरी दुखण्यात फरक पडतो. उपाशी राहून उतरवलेल्या वजनाबरोबर स्नायूही जातात. म्हणून डाळी, उसळी, दूध कमी करू नका. चहातली साखर, फरसाण आणि रात्रीचा भात कमी करा.

काठी

आमच्या दुकानातली गुडघ्याला सगळ्यात उपयोगी वस्तू काठी आहे, आणि खपते ती सगळ्यात कमी. लोक काय म्हणतील याची भीती! काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचे. त्याच बाजूच्या हातात धरली तर माणूस दुखऱ्या पायावरच झुकतो.

उंची मोजताना नेहमीची चप्पल घालून सरळ उभे रहा आणि हात मोकळे सोडा. मूठ मनगटाच्या वळीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. आजोबांची जुनी काठी बहुधा उंच पडते आणि मग खांदा दुखू लागतो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालच्या रबराच्या कडा झिजल्या की ओल्या फरशीवर काठी घसरते. रबर वेगळं मिळतं, ते वेळेवर बदला.

उकिडवं बसणं

गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागचा दाब खूप वाढतो. भांगलण, धार काढणं, विळीवर भाजी चिरणं, जमिनीवर बसून द्राक्षांची निवड आणि सकाळचा संडास, सगळं उकिडवं किंवा मांडी घालून. मांडी घालणं कायमचं वर्ज्य नाही, पण दुखणं जोरात असेपर्यंत टाळा. भांगलणीला आणि धारेला नऊ-दहा इंचांचं लाकडी बैठं घ्या आणि अर्ध्या तासानं उठून चार पावलं टाका. विळीऐवजी ओट्यावर सुरी वापरा. भारतीय संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. घरात कमोड असून तो बुटका वाटत असेल तर वर बसवायची चार इंचांची सीट पुरते. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहिली की उंची बरोबर आहे असं समजा.

नी कॅप : काय करते, काय करत नाही

साधी नी कॅप सांधा उबदार ठेवते आणि गुडघ्याला आधार असल्याचा विश्वास देते. सांध्यावरचा भार ती उतरवत नाही, आणि झीज थांबवते असं आम्ही म्हणणार नाही. चालताना, कामाच्या वेळी घाला, झोपताना काढा. पोटरीवर सूज, बोटांना मुंग्या किंवा निळसरपणा आला तर ती घट्ट आहे. वाटीवर भोक असलेली कॅप असेल तर भोक बरोबर वाटीवर बसलं पाहिजे. हातानं, सौम्य साबणानं धुवा, न पिळता सावलीत वाळवा. उन्हात आणि मशीनमध्ये इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं.

पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील आणि आतली बाजूच दुखत असेल तर बाजूला पट्टी असलेला ब्रेस उपयोगी पडू शकतो. तो महाग असतो, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

औषधं, हळद, इंजेक्शन

वेदनाशामक जेल गुडघ्याला चांगलं लागू पडतं आणि पोटातल्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित असतं. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात लावा, वर लगेच शेक किंवा घट्ट पट्टा नको. गोळ्या स्वतःच्या मनानं रोज घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हींना त्रास होतो. नावं नसलेल्या पुड्यांपासून दूर रहा. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी.

सांगली हळदीची पेठ, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. हळदीतलं गुणकारी द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, ते हळदीत दोन-पाच टक्केच, आणि तेही आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. अभ्यासांत फायदा दिसला तो तयार अर्काचा. भाजीतली हळद चालू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अर्क डॉक्टरांना विचारूनच घ्या. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालावेत असं आम्हांला वाटत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे आराम मिळतो, पण ते वारंवार घ्यायचं नसतं.

सकाळचा आखडलेपणा झिजेत साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर टिकत असेल, हातांची बोटंही सुजत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी, उशीर करू नका. गुडघा लाल-गरम आणि बरोबर ताप, पडल्यानंतर पायावर भार न देता येणं, अचानक पोटरी सुजणं, यातलं काहीही झालं तर दुकानात न येता त्याच दिवशी सांगली-मिरजेतलं जवळचं रुग्णालय गाठा.

दुकानात येताना

नी कॅपच्या मापासाठी सैल सलवार किंवा धोतर-लुंगी घालून या. सूज दिवसभरात वाढते, म्हणून शक्यतो दुपारनंतर या. उभं राहून वाटीच्या मधोमध आणि तिच्या वर वीतभर अंतरावर, असे दोन्ही घेर सेंटिमीटरमध्ये घेतले जातात. घरच्या माणसासाठी न्यायची असेल तर हे दोन आकडे लिहून आणा, "मध्यम साइज द्या" एवढ्यावर देता येत नाही. काठीसाठी मनगटाच्या वळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर, रोजची चप्पल घालून मोजलेलं. वापरलेली नी कॅप परत घेतली जात नाही, म्हणून इथेच घालून दहा मिनिटं चालून पहा.