एक काम, दोन पाट्या : मराठवाड्यातल्या सरकारी एक्स-रे खोलीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात सरकारी एक्स-रे काढायचा तर मोठी दारं दोन. एक घाटीचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं, दुसरं चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचं. शिशाचा अ‍ॅप्रन तोच, छातीवरचा किरणमापक बिल्ला तोच, रांगेतली माणसंही बहुतेक त्याच तालुक्यांतली. पण घाटी वैद्यकीय शिक्षण खात्याची, म्हणून तिथला कर्मचारी 'क्ष-किरण तंत्रज्ञ'. चिकलठाणा सार्वजनिक आरोग्य खात्याचं, म्हणून तिथला 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी'. रुग्ण दोघांनाही 'एक्स-रेवाले' म्हणतात. खेड्यातून आलेली म्हातारी तर सरळ विचारते, "फोटोची खोली कुठंय, बाबा?"

हा नावांचा गुंता आजचा नाही आणि नुसत्या पाटीपुरताही नाही. भरती, पदोन्नती, बदली, नोंदणी या सगळ्यात तो पायात येतो.

'क्ष' कुठून आला, हे दोन ओळींत. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत सापडलेल्या किरणांना शोधणाऱ्याने अज्ञात म्हणून 'एक्स' म्हटलं; मराठीने बीजगणितातला आपला 'क्ष' त्यांना जोडून दिला. आपल्याकडे ते यायला वेळ लागला. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मोठ्या दुखण्याला हैदराबाद, सोलापूर नाहीतर मिरज गाठण्याची रीत होती. १९५६ साली औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, नंतर नांदेड आणि २००२ मध्ये लातूर. क्ष-किरण विभाग या महाविद्यालयांबरोबर वाढले. पण जिल्ह्याच्या गावी एक्स-रे काढणारा सरकारी माणूस रुजवला तो क्षयरोगाने.

१९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक जिल्हा क्षयरोग केंद्राचा ठरलेला चमू असे. जिल्हा क्षयरोग अधिकारी, उपचार संघटक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांख्यिकी सहायक आणि त्यांच्या बरोबरीने एक्स-रे तंत्रज्ञ. या चमूला बंगळूरला प्रशिक्षण मिळायचं. छातीचे छोट्या फिल्मवरचे फोटो भराभर काढायचे, संशयित वेगळे करायचे, हे त्या माणसाचं काम. म्हणजे जिल्हा पातळीवरचा एक्स-रेवाला साथीच्या कार्यक्रमाचा शिलेदार होता, हाडं मोडलेल्यांचा फोटोग्राफर नव्हे. १९९७ नंतर सुधारित कार्यक्रमाने थुंकीच्या तपासणीवर भर दिला आणि छातीचा फोटो मागे पडला. ज्या खोलीबाहेर रांग असायची तिथे धूळ बसली. आता चाक पुन्हा फिरलंय. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेने हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावच्या शिबिरांपर्यंत नेली. साठ वर्षांपूर्वी ज्या कामासाठी पद निर्माण झालं, तेच काम परत टेबलावर आलं, फक्त यंत्र पिशवीत मावतं.

मधला काळ अंधारखोलीचा. आज संगणकावर चित्र पाहणाऱ्या पोरांना तेव्हाची कर्तव्यं सांगितली तर खरी वाटत नाहीत. लाल दिव्यात फिल्म कॅसेटमध्ये भरायची, एक्सपोजर द्यायचं, डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग फिक्सर, मग वाहत्या पाण्यात धुवायची आणि वाळत टाकायची. डेव्हलपर साधारण वीस अंशांवर नीट चालतो. परभणीत मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. मग टाकीभोवतीच्या पाण्यात बर्फाची लादी, घड्याळावर नजर, आणि तरीही फिल्मवर धुकं. वाहतं पाणी तर विचारूच नका. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात फिल्म धुवायला नळ सोडून ठेवा म्हणणारं पुस्तक कोणी लिहिलं असेल देव जाणे. डिजिटल यंत्रणेचे फायदे मोजताना लोक वेग आणि स्पष्टता सांगतात. माझ्या मते मराठवाड्यात पहिला फायदा पाण्याचा.

त्यात भारनियमन. एक्स-रे यंत्र क्षणभर प्रचंड वीज ओढतं, ते साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. व्होल्टेज पडलं की चित्र फिकं, मग पुन्हा एक्सपोजर. म्हणजे रुग्णाला किरणांची दुप्पट मात्रा, आणि साठ्याच्या वहीत एक फिल्म वाया. त्या वाया फिल्मचा जाब तंत्रज्ञालाच द्यावा लागायचा, वीजपुरवठ्याला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जखमी लातूर, उमरगा, सोलापूरकडे धावले. चिरडलेले हातपाय, मोडलेले कणे आणि माकडहाडं. अशा दिवशी एक्स-रेची खोली शस्त्रक्रियागृहाइतकीच महत्त्वाची असते, हे तेव्हा दिसलं.

पात्रतेचा प्रश्न या सगळ्या काळात सैल होता. कुणी वैद्यकीय महाविद्यालयातला प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला, कुणी व्यवसाय शिक्षणाच्या वाटेने आलेला, कुणी अंधारखोलीत मदतनीस म्हणून लागून हाताने शिकलेला. काही जण असे शिकूनही उत्तम काम करत, हे कबूल करायला हवं. विद्यापीठ पातळीवरचा पॅरामेडिकल पदवीचा पर्याय, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप, ही नंतरची गोष्ट.

सैल दोरी आवळली गेली ती आरोग्य खात्याकडून नव्हे, अणुऊर्जेच्या बाजूने. १९६२ चा अणुऊर्जा कायदा, १९८३ साली स्थापन झालेली नियामक यंत्रणा, २००१ ची वैद्यकीय एक्स-रेसाठीची सुरक्षा संहिता, २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि २०१६ ची सुधारित संहिता, असा हा क्रम. यातून ठरलं की यंत्र चालवणारा विज्ञान शाखेतून बारावी आणि रेडिओग्राफीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेला हवा, अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवायचं नाही, बिल्ला दर तिमाहीला तपासायला पाठवायचा. कर्मचाऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या किरणांची मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १. दाराबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकासाठी जाड भिंत आणि शिशाचं दार कशाला, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

कागदावर हे होतं. प्रत्यक्षात काय होतं, ते २०१२ च्या सुमारास संसदेपुढे आलेल्या लेखापरीक्षण अहवालाने सांगितलं: देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ नोंदणीविना चालू होती. शंभरातली एक्क्याण्णव. त्यानंतर परवान्याचं काम ऑनलाइन झालं आणि एक साधी गोष्ट घडली. अर्जात यंत्र चालवणाऱ्याचं नाव आणि पात्रता भरावी लागू लागली. जिथं ग्रामीण रुग्णालयात पात्र माणूसच नाही, तिथं अर्ज अडकला. पात्रतेचा आग्रह भाषणांपेक्षा या रकान्याने जास्त पुढे नेला.

आता त्या नावाकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे.

१९७० साली वैद्यकीय शिक्षणाचं संचालनालय आरोग्यसेवेपासून वेगळं झालं. एका घरात दोन चुली झाल्या. वैद्यकीय शिक्षणाकडे 'क्ष-किरण तंत्रज्ञ' आणि 'क्ष-किरण सहायक' राहिले. आरोग्य खात्यात मात्र पुढे पदनामं बदलत गेली: प्रयोगशाळेतला 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी', रक्तपेढीतला 'रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी', औषधं देणारा 'औषध निर्माण अधिकारी' आणि आपला माणूस 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी'. ऐकायला भारदस्त. पण पद राहिलं गट 'क' चंच. पाटीवर 'अधिकारी' लिहिलं म्हणून सेवापुस्तकात राजपत्रित होता येत नाही, हे रुजू झालेल्या पोरांना पहिल्या पगाराला कळतं.

याची बाजू घेणारे म्हणतात की मात्रा ठरवणं, अवयवाची ठेवण ठरवणं, गरोदर बाईला ओळखून थांबवणं हे विज्ञानच आहे. 'बटण दाबणारा' म्हणून हिणवण्यापेक्षा हे नाव बरं. विरोधकांना, त्यात डॉक्टरही आले, 'वैज्ञानिक' हा शब्द संशोधनाचा वाटतो. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण तक्रार तिसरीच आहे. उमेदवाराच्या प्रमाणपत्रावर एक शब्द, जाहिरातीत दुसरा, पॅरामेडिकल परिषदेच्या नोंदणीत तिसरा. कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनाला तिन्ही एकच आहेत हे पटवायचं काम उमेदवाराच्या गळ्यात.

त्यातून आपली भाषा. इंग्रजीत 'टेक्निशियन' आणि 'टेक्नॉलॉजिस्ट' हे दोन शब्द. साधारणपणे पहिला पदविकेचा, दुसरा पदवीचा. मराठीत दोन्ही 'तंत्रज्ञ'. 'तंत्रज्ञानी' म्हणावं तर तो उपहास वाटतो. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने तासांचा हिशेब घातला: एका वर्गासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तास, वरच्या वर्गासाठी तीन ते सहा वर्षांच्या पदवीत किमान ३,६०० तास. गंमत अशी की पहिल्या वर्गाच्या व्याख्येत सहयोगी, टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट हे तिघेही एकाच ओळीत बसवले आहेत. म्हणजे आमच्या मराठीने जो घोळ केला, तो दिल्लीनेही मान्यच केला म्हणायचा. राज्याने त्याआधी, नावात २०११ हे साल असलेला पॅरामेडिकल परिषदेचा कायदा केला होता. नोंदणी प्रत्यक्षात सुरू व्हायला बरीच वर्षं गेली.

ही गाठ आता जास्त टोचते, कारण मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं भराभर वाढली. धाराशिव २०२२, परभणी २०२३, जालना आणि हिंगोली २०२४. नवं महाविद्यालय शून्यातून उभं राहत नाही, जिल्हा रुग्णालयाच्या खाटा घेऊन उभं राहतं. इमारत तीच, यंत्र तेच, खातं बदललं. मग तिथल्या वैज्ञानिक अधिकाऱ्याने कुठल्या ज्येष्ठता यादीत उभं राहायचं? आरोग्य खात्यात राहायचं तर बदली, आणि थांबायचं तर परक्या चुलीवर. याचं सरळ उत्तर देणारा कागद असावा, एवढी अपेक्षा फार नाही.

सोनोग्राफीचा मुद्दा थोडक्यात. २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी तंत्रज्ञाच्या कंसात सोनोग्राफर हा शब्द आहे. पण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे ते यंत्र पात्र डॉक्टरनेच चालवायचं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्या आकड्यानंतर इथे तो निर्बंध सैल करा असं कुणी उघड म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. परिणाम मात्र असा की असा पात्र डॉक्टर नसलेल्या रुग्णालयात यंत्र कुलपात राहतं.

उरली कर्तव्यं. लिहिलेली यादी छोटी आहे, प्रत्यक्ष लांब. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात बहुधा एकच एक्स-रेवाला. दिवसा बाह्यरुग्ण, रात्री अपघात आला की हाक. पोलिसांनी आणलेल्या केसची नोंद वेगळ्या वहीत, फिल्मवर क्रमांक, डावं-उजवं चिन्ह चुकलं तर कोर्टात उत्तर. वयनिश्चितीसाठी आणलेल्या मुलीचं मनगट, कोपर, कंबर. त्या चित्रावर एखाद्याची शिक्षा ठरू शकते. बाईमाणसाला पाळी कधी आली होती हे विचारायचं, तेही सासूसमोर, दार लोटून, आवाज खाली ठेवून. अभ्यासक्रमात हे प्रश्न आहेत, ते विचारायचे कसे हे नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत झाल्या. रांग वाढली, पदं मात्र त्या दिवशी वाढली नाहीत.

भरतीची कथा उमेदवारांना पाठ आहे. २०२१ मध्ये आरोग्य खात्याची परीक्षा ऐनवेळी पुढे गेली, मग झाली, पेपर फुटला, तपासाचे धागे लातूर-बीडपर्यंत आले, अखेर परीक्षा रद्द. ऑगस्ट २०२३ ला १०,९४९ पदांची जाहिरात आली, त्यात क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारीही होते. दरम्यान दोन वर्षं गेली, काहींची वयोमर्यादा त्यातच.

फिल्म आता कमी छापली जाते. तालुक्याच्या रुग्णालयात चित्र पडद्यावर येतं आणि नातेवाईक खिशातून मोबाइल काढतो. म्हातारी म्हणायची तो 'फोटो' आता खरोखरच फोटो झालाय. तो टिपण्याआधी पडद्यावर रुग्णाचं नाव, तारीख आणि डावं-उजवं दिसतंय ना, हे बघून देणं हेही एक्स-रेवाल्याच्याच वाट्याला आलं. कुठल्याही जाहिरातीतल्या कर्तव्यांत ते अजून लिहिलेलं नाही.