युरियानं एका दिवसात वाद मिटला नव्हता

कपाशीला युरिया देणाऱ्या आपल्या यवतमाळ-वाशीमकडे पोरं अजूनही पाठ करतात: 1828 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोहलरने निर्जीव पदार्थांपासून युरिया बनवला अन् 'सेंद्रिय पदार्थ फक्त जीवच घडवतो' हा समज तिथंच संपला. तसं झालं नाही. वोहलरनं युरिया ज्या सायनेट नावाच्या क्षारापासून केला, ते त्या काळी जनावरांची शिंगं, रक्त यांपासून केलेल्या क्षारांतूनच येई. म्हणजे मूळ माल जीवाकडूनच आला, ही शंका उरलीच.

खरी मजल कोल्बे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, 1845 ची; त्यानं सुरुवातच निर्जीव पदार्थांपासून केली. कोळसा अन् गंधकापासून कार्बन डायसल्फाइड, ते क्लोरीनसोबत तापून लालबुंद झालेल्या नळीतून नेलं की कार्बन टेट्राक्लोराइड, त्यातून टेट्राक्लोरोइथिलीन. मग त्यावर पाणी, क्लोरीन आणि चक्क ऊन! त्यातून ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल मिळालं. क्लोरीनच्या जागी हायड्रोजन बसवला, अन् हाती आलं व्हिनेगरमधलंच आम्ल. गुरुजींनो, हे टप्पे फळ्यावर मांडाच.