केसांतले मणी आणि हरवलेला दोरा

मण्यांच्या इतिहासात मणी टिकले, दोरा मात्र कुजला. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेजवळच्या काव्हियों गुहेत संशोधक एमिल रिव्हिएर यांना 1872 साली हजारो वर्षांपूर्वीचा एक सांगाडा सापडला. त्याच्या डोक्यावर भोकं पाडलेले दोनशेहून जास्त शिंपले होते. ते ज्या जाळीत किंवा टोपीत ओवले असतील, तिचा मागमूस नव्हता.

आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन नगरातल्या राणी पुआबीच्या शिरोभूषणाचंही तेच. इ.स.पू. 2500च्या सुमाराची तिची कबर पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी 1920च्या दशकात खणून काढली. लाजवर्द या निळ्या दगडाच्या आणि लाल अकीकाच्या मण्यांमध्ये सोन्याची पानं ओवलेली होती. पण दोरा कुजल्यानं माळा नव्यानं ओवून घ्याव्या लागल्या. दोन पानांमध्ये ठरावीक मणी घालून अंतर राखायचं, ही युक्ती आजही हेअरबँड करताना वापरतात.

दगडाचा एकेक मणी घासून त्याला भोक पाडायचं म्हटलं की असा दागिना राणीलाच परवडणार. तो घरोघरी आला काचेमुळे. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात हवेची पोकळी ठेवून तो दोन बाजूंनी ओढला की लांबलचक पोकळ नळी तयार होते. तिचे तुकडे पाडून पुन्हा तापवले की कडा गुळगुळीत होतात. आगीच्या भीतीनं 1291 साली व्हेनिसच्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. पुढे तिथून असे बारीक मणी जगभर गेले.

पण मणी विकायचे तर ते ओवलेले हवेत. हे काम करणाऱ्या व्हेनिसच्या बायकांना ‘इंपिरारेसे’ म्हणत. घरात किंवा दारापुढे बसून, मांडीवर मण्यांनी भरलेलं लाकडी पात्र घेऊन, पंख्यासारख्या धरलेल्या लांब सुयांचा झुबका त्या मण्यांत खुपसायच्या. मजुरी इतकी तुटपुंजी की 1904 साली त्यांनी संप केला. घरच्या मणीकामाबद्दल बोलताना या बायकांचं नाव आधी घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तारेत मणी ओवून पाकळ्या वळवण्याची पद्धतही जुनी आहे. फ्रान्समध्ये थडग्यांवर वाहायची पुष्पचक्रं अशी केली जात, आणि तीच वळणं आज अंबाड्याच्या पिनांवर दिसतात. चापावर बसणारी सपाट नक्षीदार पट्टी विणायची तर सगळे मणी एका मापाचे लागतात. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा असतो. नंबर वाढेल तसा मणी लहान.

1938 मध्ये नायलॉन आलं आणि न कुजणारा दोरा मिळाला. तरी काचेची धारदार कड त्यालाही कापते, आणि टोकाची गाठ सैल असली तर मणी ओघळतातच. 1999च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये टेनिसपटू व्हीनस विल्यम्सच्या वेण्यांतले मणी मैदानावर सांडले, आणि पंचांनी तिचा एक गुण कापला.