वास न ओळखणारी खार

आमच्या सोसायटीच्या भिंतीवर मांजर आलं रे आलं की खारूताई आंब्याच्या खोडाला उलटी चिकटून शेपटीला झटके देत चिक चिक चिक सुरू करते, मांजर जाईपर्यंत तोंड बंद नाही. शत्रू कोण हे तिला पक्कं ठाऊक असतं. आयर्लंडमधल्या करड्या खारी नेमक्या इथेच मार खातात.

या खारी मूळच्या अमेरिकेच्या. 1911 साली लाँगफर्डमध्ये आणून सोडल्या (लग्नाचा आहेर म्हणून आल्या असं सांगतात, काय एकेकाची हौस!) आणि मग तिथल्या लाल खारीची जी वाट लागली विचारू नका. लाल खार जेमतेम 300 ग्रॅमची, करडी जवळपास दुप्पट, खाणं आधी तीच फस्त करणार. शिवाय करडीच्या अंगात एक पॉक्स व्हायरस असू शकतो, तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास नाही पण लाल खार त्यानं बहुतेक मरतेच.

मग पाइन मार्टेन परतला. हा पाणमांजराच्या कुळातला, साधारण मांजराएवढा, चॉकलेटी अंग, गळ्यापाशी पिवळसर डाग, आणि झाडावर सरसर चढणारा. फरसाठी आणि कोंबड्या खातो म्हणून माणसांनी त्याला जवळपास संपवला होता, 1976 मध्ये आयर्लंडमध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं तसा हळूहळू वाढला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की देशाच्या मध्य भागात सुमारे 9000 चौरस किलोमीटरमध्ये करड्या खारी फार कमी उरल्यात, आणि कुठेकुठे 30 वर्षं गायब असलेल्या लाल खारी परत आल्यात.

पण मार्टेन तर लाल खारही खातो, मग करडीच का हरली?

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी खारींसाठी दाणे ठेवायच्या डब्यांना मार्टेनचा वास लावला आणि कॅमेरे लावून ठेवले. लाल खारी तिकडे फिरकेनाशा झाल्या, आल्याच तर सारख्या माना वर करून इकडेतिकडे बघत राहिल्या, करड्या मात्र वास लागलाय याचा पत्ताच नसल्यासारख्या निवांत खात बसल्या! लाल खार हजारो वर्षं मार्टेनच्या शेजारी राहिलीय, करडीला हा वास म्हणजे धोका हे कुणी शिकवलेलंच नाही.

तरी करडीचा एक अड्डा शाबूत आहे, शहरातली पार्कं. मार्टेन माणसांच्या गर्दीत यायला बिचकतो, त्यामुळे तिथे ती अजून आरामात आहे.